आमच्या लाइनीतला भोंगा

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही तिला भोंगा म्हणायचो. इंजिनांच्या शेडचा भोंगा गड्यांना कामावर बोलवायचा आणि हिचा आवाज बायकांना नळावर. पुढे निजामाच्या सगळ्या राज्यात गाणारी बाई म्हणून तिचं मोठं नाव झालं, पण आमच्या क्वार्टर्सच्या लाइनीत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही.

नळाला पाणी कमी आणि बायका जास्त. भोंग्याचा नंबर आला की माझी आई तिची घागर उचलून मागे ठेवायची. "थांब गं जरा. तू गेलीस की हितं नुसती भांडणं होतेत." तीही खुशाल मागे जाऊन पुन्हा गाणं सुरू करायची.

तिचे वडील, आबा, रात्री रुळांचे सांधे बदलायचे आणि दिवसा झोपायचे. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच, त्यामुळे त्यांचं करवादणं आम्हाला रोज ऐकू यायचं. "ही पोरगी झोपू देत न्हाई मला. पार पुढच्या ठेसनाला, चुडाव्यापर्यंत ऐकू जायलंय."

एका दिवाळीत शेजारच्या गार्डकाकांची बहीण हैदराबादहून आली. त्या गाणं शिकवायच्या. नळावरचा आवाज ऐकून त्या सरळ आबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पोरीला शिकायला माझ्या घरी पाठवा."

आबा म्हणाले, "बाई, लेकीला गायला लावलं तर उद्या तिला करून घेणार कोण?"

भोंगा रडली नाही की भांडली नाही. तिनं फक्त गाणं बंद केलं. नळावरची भांडणं वाढली. आबा दिवसभर खाटेवर कूस बदलत राहिले. शेवटी एका दुपारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "गप का बसलीस? झोप न्हाई लागायली मला."

"गाणं तर तुमालाच नको हाय, आबा."

आबांची खाट करकरली. मग आबा म्हणाले, "जा बाई हैदराबादला. पर जाईस्तोवर तरी गा."

माझी आई हातात लाटणं तसंच धरून लाइनीला सांगायला पळाली.

काही वर्षांनी भोंगा हैदराबादच्या रेडिओवर गायली. स्टेशनमास्तरांनी आपला रेडिओ खिडकीत ठेवला आणि सगळी लाइन त्यांच्या अंगणात बसली. गाणं संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आबा मात्र तिच्या आईकडे वळले.

"घसा बसलाय पोरीचा. वरच्या सुराला जायच्या आधी दम घ्यायली."

तिची आई तिथूनच उठली आणि घरी जाऊन सुंठ कुटायला बसली. दुसऱ्या दिवशी गार्डकाका गाडीबरोबर सुंठवड्याचा डबा घेऊन हैदराबादला निघाले.