मामाला आवडलेला मुलगा

पहिल्या नजरेत माणूस ओळखण्यात माझ्या मामाइतका सपशेल चुकणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात दुसरा नसेल. रामनगरात हमरस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. बेळगाव-गोव्याच्या गाड्या समोरून जातात, त्यामुळे अनोळखी माणसांचा तुटवडा नाही. गाडीतून माणसाचा एक पाय खाली यायचा अवकाश, मामाचं मत तयार. एका तांबारलेल्या डोळ्यांच्या ट्रकवाल्याला तो दरोडेखोर म्हणाला, तर तो माणूस घाटापर्यंत जाऊन मागे फिरला, कारण मामाचा जॅक चुकून त्याच्या गाडीत राहिला होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या, गंध लावलेल्या एका गृहस्थाला मात्र त्यानं साधुपुरुष ठरवलं, चहा पाजला आणि हवा भरायचा नवा पंप बघायला हातात दिला. पंप गोव्याला गेला. मी पाळण्यात असताना माझ्याकडे एकदाच बघून "ही काय शिकायची न्हाई" असंही त्यानं सांगितलं होतं म्हणे, आणि आई तेव्हापासून निर्धास्त झाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यात मामाचा वाटा किती, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

एवढा चुकणारा माणूस आमच्याकडे फार उपयोगाचा. कुणाच्या घरी सोयरीक जुळवायची असली की मामाला आवर्जून बोलावणं जाई. त्याला चांगली खुर्ची, पहिला चहा. पाहुण्यांकडे बघून मामानं नाक मुरडलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. हे त्याला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला वाटे, त्याला हा मानच वाटतो.

अक्काला बघायला कुळगीचा मुलगा आला, तेव्हाही असंच बोलावणं गेलं. मुलगा जंगलातल्या कॅम्पवर कामाला. कान मोठे, बोलणं कमी, आणि घाबरून त्यानं अर्धे पोहे मांडीवर सांडले. अक्का दाराआडून हसली. तिच्या हसण्यावरूनच मला कळलं की तिचं ठरलं. मामा त्याच्याकडे बघत राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सोनं हाय. डोळं झाकून पोरगी द्या."

बाबांच्या हातातली बशी तशीच अधांतरी राहिली. आई उठून आत गेली आणि चुलीपुढे बसली. एवढी स्तुती झाल्यावर मुलीकडच्यांची तोंडं का उतरली, ते पाहुण्यांना कळेना. बाबा कसेबसे "कळवतो" म्हणाले आणि पाहुणे गेले. अक्का रडायला लागली. मी बाबांना समजावू पाहिलं की असं काही नसतं, एखाद्याच्या मतावरून लग्न मोडू नये. खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "पंप गेला तवा बी त्यो असाच बोलला हुता."

मामा अंगणात चपला घालत होता. त्यानं हे ऐकलं असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो परत आला. आत न येता उंबऱ्यातूनच बाबांना म्हणाला, "दाजी, रातभर इचार केला. पोरगं काय धड न्हाई. कान बघितलासा त्याचं? नका देऊ." बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. तासाभरात कुळगीला होकाराचा निरोप गेला.

मी मामाला बसपर्यंत सोडायला गेले. मुलगा खरंच वाईट वाटला का, म्हणून विचारलं.

"न्हाई गं. सोनंच हाय त्यो. पण माझं सोनं तुमच्यात चालत न्हाई, व्हय का न्हाई?"

म्हणजे ती खुर्ची, तो पहिला चहा, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो प्रत्येक बोलावण्याला इस्त्रीचा सदरा घालून जात होता. "अक्काला सांगू नगंस," एवढं म्हणून तो बसमध्ये चढला.

अक्का सुखात आहे. असा जावई शोधून सापडणार नाही, असं आता आईच म्हणते. सणाला सगळे जमले की बाबा जावयासमोर ती गोष्ट रंगवून सांगतात, हा शहाणा तुमचे कान बघून नको म्हणाला होता. सगळे हसतात. मामा सगळ्यांत मोठ्यानं हसतो. आयुष्यात एकदाच त्यानं माणूस बरोबर ओळखला, आणि ते आम्हा दोघांनाच माहीत आहे. मी पदार्थ वाढायच्या निमित्तानं खाली बघते.