घोडी धरल्याचा मान

चहा ओतून घ्या आधी. कारण जो गाढवपणा मी सांगणार आहे, त्यात मध्येच कुणी साखर मागितली तर माझा धीर सुटेल, आणि गोष्ट तिथंच राहील.

चुका सगळेच करतात हो! पण स्वतःची चूक वेळ, ठिकाण आणि साक्षीदारांसकट निळ्या शाईत लिहून ठेवणारा, आणि वर ती भर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर बघून घ्या. समोरच बसलाय.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. वय बेचाळीस. नाद दोन: एक डायरी लिहिण्याचा आणि दुसरा घोड्याचा.

घोडा माझा नव्हे बरं का! हेडक्लार्कच्या पगारात घोडा कुठला? कुहीकडच्या एका मालगुजार जमीनदारांचा बादशहा नावाचा घोडा त्यांच्या नागपूरच्या बंगल्यात नुसता उभा राहून फुगत चालला होता. त्याला रोज सकाळी फिरवून आणायचं काम मी फुकट पत्करलं. शिकवायला कुणी नव्हतं. एक जुनं पुस्तक होतं. त्यातली चित्रं बघून मी बसायला शिकलो. पडायला आपोआप आलं. प्रत्येक पडण्याची डायरीत नोंद आहे: तारीख, जागा आणि कुठल्या कुशीवर.

दर जानेवारीत आमच्या मंडळाचं अश्वप्रदर्शन भरायचं. मैदानात बांबूचे आडवे दांडे, गवताच्या पेंढ्या, एक पाण्याचा चर. घोड्यानं हे सगळं उड्या मारत पार करायचं. गट दोन होते. खुल्या गटात पोलिसातले स्वार, टांगेवाले, म्हणजे घोड्यावर ज्यांचं पोट आहे ते सगळे. आणि हौशी गटात माझ्यासारखे, ज्यांना घोड्यापासून फक्त पाठदुखी मिळते ते.

हौशी गटाला चांदीचा कप होता. सलग तीन वर्षं जिंकेल त्याच्या घरी तो कायमचा जाणार. आणि दोन वर्षं तो नेला होता उमरेडच्या डोमाजीनं.

हा डोमाजी हातमागावर बसणारा विणकर. पन्नाशीचा, काटकुळा, अंगात बंडी, डोक्याला पांढरा रुमाल. त्याची घोडी चिमणी. नावासारखीच, आमच्या बादशहाच्या पोटाखालून निघून जाईल एवढीशी! पण ती मैदानात आली की लोक शेंगदाणे खायचे थांबत. डोमाजीच्या हातात चाबूक नाही, पायात बूट नाहीत. लगाम असा सैल, जणू वाळत घातलेली दोरी. तो नुसता पुढं वाकून काहीतरी पुटपुटायचा आणि चिमणी दांड्यावरून अशी जायची, की दांडा तिच्यासाठी खाली वाकला असं वाटावं.

दोन्ही वर्षं दुसरा आलो मी. म्हणजे डोमाजी नसता तर कप माझा. (गटात आम्ही चौघंच होतो, हे सांगायची गरज नाही.)

मंडळाचा चिटणीसही मीच. चिटणीसानं अर्ज तपासायचे आणि त्याच स्पर्धेत घोडाही पळवायचा, हे बरं नाही, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मी ते डायरीत लिहिलं नाही.

हौशी कुणाला म्हणावं, हा नियमही माझाच. चार रात्री नव्हे, चार रविवार बसून मसुदा केला होता: 'गेल्या बारा महिन्यांत घोड्यावर बसणे, घोडा धरणे, हाकणे, शिकवणे अथवा भाड्याने देणे याबद्दल रोख किंवा वस्तुरूपाने, कोणत्याही नावाखाली मोबदला स्वीकारणारी व्यक्ती हौशी समजली जाणार नाही.' 'कोणत्याही नावाखाली' हे शब्द मी मुद्दाम घातले. उगाच कुणी 'भेट होती हो' म्हणून निसटायला नको!

आणि डिसेंबरात एके दिवशी आमच्या कचेरीतला शिपाई श्रावण, तोही उमरेडचाच, फाइल ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुमच्या त्या डोमाजीची घोडी तं लगनात नवरदेवाले घेऊन जाते ना जी."

मी टाक खाली ठेवला.

"कुणाच्या लग्नात?"

"कोनाच्याबी! गावात घोडी एकच हाय. येत्या रविवारीबी हाय एक लगन."

"आणि पैसे किती घेतो?"

"ते मले काय माहीत जी? पन फुकट कोन देते आजकाल?"

झालं! वरातीला घोडी भाड्यानं देणारा माणूस हौशी गटात! सरळ सरळ लबाडी! मला कपाचा मोह मुळीच नव्हता हो. मला न्यायाचा मोह होता. न्याय झाल्यावर कप आपसूक माझ्याकडे येत होता, त्याला मी काय करणार?

रविवारी सकाळच्या एसटीनं मी उमरेड गाठलं. बस किती मिनिटं उशिरा सुटली तेही लिहून ठेवलं. लग्नाचा मांडव शोधायला वेळ लागला नाही. बँडच रस्ता सांगत होता. मी समोरच्या पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो आणि डायरी उघडली. आली वरात! चिमणीवर फेट्यातला नवरदेव, आणि लगाम धरून पुढं खुद्द डोमाजी! मी लिहिलं: 'बारा चाळीस. आरोपी घोडीसह हजर.'

लिहून मान वर केली तर आरोपी माझ्याकडेच बघत होता.

"अरे बाप्पा! चिटणीस साहेब! तुमी लगनाले आले?" डोमाजीचा चेहरा असा फुलला, की मला क्षणभर खरंच वाटलं, आपण लग्नालाच आलोय. "या ना जी, असे दूर काहून उभे?"

तेवढ्यात मांडवातून हाक आली, "डोमाजी, आत या लवकर! खोळंबले सारे!"

डोमाजीनं इकडेतिकडे पाहिलं आणि लगाम सरळ माझ्या हातात दिला. "जरासं धरा जी. बँडवाल्याचे हात गुंतले हायत. तुमी घोड्यातले मानूस, घोडी वळखते तुमाले." आणि गेला आत!

मी मनात म्हटलं, गेला पैसे घ्यायला!

आता दृश्य बघा. भर दुपारी मांडवाच्या दारात मी, कचेरीचा कोट घालून, बगलेत डायरी धरून, हातात घोडी. घोडीवर अनोळखी नवरदेव. आणि कानाशी बँड! चिमणी मात्र शहाणी. एकदा तिनं माझा खिसा हुंगला, मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. एवढ्या गोंगाटात असं स्वस्थ उभं राहणारं जनावर मी दुसरं पाहिलं नाही. बादशहा तर सायकलची घंटी ऐकून मला पाडतो.

मग मुलीचा एक भाऊ ताटात भिजवलेली चण्याची डाळ घेऊन आला. चिमणीनं ती खाल्ली. त्याच्यामागून मुलीचे काका आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि कोटाच्या खिशात नोटा कोंबल्या.

"अहो, हे काय?"

"घोडी धरनाऱ्याचा मान हाय जी. अकरा रुपये हायत."

"पण मी घोडीवाला नाही!"

काकांनी लगामाकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं. "मंग हे काय बकरी हाय?"

"मला घेता येणार नाही हो. नियमात बसत नाही!"

काकांचा चेहरा पडला. "कमी वाटून रायले का तुमाले? मान घेतल्याबिगर नवरदेव खाली उतरत नाही आमच्याइकडे. थांबा, आनखी दोन रुपये—"

वरून नवरदेव काकुळतीनं म्हणाला, "घ्या ना जी! पाय आखडून गेले माह्ये!"

काय करणार? घेतले! बँडनं लगेच नवी धून सुरू केली आणि नवरदेव माझ्या खांद्याचा आधार घेत खाली उतरला. टोपी घातलेल्या अवस्थेत मी चिमणीला झाडाला बांधलं आणि सापडली ती एसटी पकडली.

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे! हाच तर पुरावा! घोडी धरणाऱ्याला इथं काय मिळतं, हे आपल्याला प्रत्यक्ष कळलं! हाच डोमाजीचा दर! मी हलत्या बसमध्ये लिहिलं: 'एक वाजून दहा मिनिटे. घोडी धरल्याबद्दल मिळाले: टोपी एक, टॉवेल एक, नारळ एक, रोख रुपये अकरा.' खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्यानं मंडळाची बैठक. अध्यक्ष होते एक निवृत्त कर्नलसाहेब, दुसरे सभासद गुरांचे डॉक्टर. समोर डोमाजी. बिचारा मागावरून उठून आला होता. बंडीला सुताचे तंतू तसेच. मी टोपी आणि टॉवेल टेबलावर मांडले. नारळाची सौभाग्यवतीनं चटणी केली होती, त्यामुळे करवंटी आणली होती.

मी डायरी खणखणीत आवाजात वाचली. आरोपी हजर इथपासून अकरा रुपयांपर्यंत. मग म्हणालो, "घोडी धरण्याचा हा दर. बोला डोमाजी, या लग्नात तुम्ही काय घेतलं?"

डोमाजी गोंधळून म्हणाला, "ते तं माह्या भाच्याचं लगन होतं जी! म्हनून तं आत बोलावलं, मामाशिवाय अडलं होतं. भाच्याच्या लगनात पैसे घेतले असते तं बहिनीनं घरात घेतलं असतं काय मले?"

"आणि बाकीची लग्नं?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"नाही जी. एक पैसा नाही. मानबी मी घेत नाही, लगाम बँडवाल्याच्या हाती देतो. ज्याले मिळाचा त्याले मिळते."

"पण का? लोक देतात तर घ्यायचे."

डोमाजी बंडीवरचा तंतू काढत म्हणाला, "पैसे घेतले का घोडी त्याची होते जी, तेवढ्या वेळापुरती. मंग त्यानं चाबूक मारला, पायाशी फटाके लावले, दारू पेलेला नवरदेव बसवला, तं मी कोन्या तोंडानं नाही म्हनू? फुकट देतो तं माही मर्जी चालते. चाबूक दिसला का मी घोडी घेऊन घरी. सारं गाव जाणते. म्हनून तं घोडी कोनाले भीत नाही."

खरं सांगतो, मला माझ्या मसुद्याची लाज वाटली. चार रविवार बसून मी हौशीची व्याख्या केली होती, आणि हा माणूस ती इतकी वर्षं उमरेडच्या गल्लीत जगत होता.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मग या सगळ्यात पैसे घेतले कुणी?"

कर्नलसाहेबांनी माझी डायरी स्वतःकडं ओढली. चष्मा लावला. "घोडी धरल्याबद्दल मिळाले..." मग नियमांचा कागद घेतला. "घोडा धरणे... रोख किंवा वस्तुरूपाने... कोणत्याही नावाखाली..." त्यांनी कागद खाली ठेवला. "चिटणीस, मसुदा तुमचाच ना?"

"हो."

"फार चांगला आहे. कुठंही फट नाही."

डोमाजी ताडकन उठला. "नाही जी! साहेबाचा काही कसूर नाही! त्यायले जबरदस्तीनं देल्लं! मीच लगाम हाती देला. काढाचं असन तं मले काढा!"

बघा हो! ज्याला बाहेर काढायला मी करवंटीसकट पुरावा आणला, तो माझं वकीलपत्र घेत होता! आता यावर मी काय करावं? मी उभा राहिलो आणि म्हणालो, नियम म्हणजे नियम. हौशी गटातून माझं नाव काढा. चिटणीसाच्या वहीत माझ्याच हातानं माझं नाव खोडलं आणि ते खुल्या गटात लिहिलं.

जानेवारीत डोमाजी तिसऱ्यांदा जिंकला. त्या दिवशी चिमणीनं पाण्याचा चर असा ओलांडला, की पाण्यात फक्त तिची सावली हलली. कप त्याच्या हाती देताना सर्वांत जोरात टाळ्या मीच वाजवत होतो. त्यात तिळमात्र खोटं नव्हतं.

मग खुला गट. समोर पोलिसातले स्वार, तीन टांगेवाले, आणि त्यांच्यात मी, व्यावसायिक! बादशहानं पहिला दांडा पाडला. दुसऱ्याला वळसा घातला. गवताच्या पेंढ्यांशी मात्र तो थांबला, मान खाली घातली आणि निवांत खाऊ लागला. मी टाच मारली, चुचकारलं, विनवण्या केल्या. पंचांनी घड्याळ बंद केलं. तरी तो खातच होता.

अखेर एक म्हातारा टांगेवाला आला आणि त्यानं बादशहाला कानाशी धरून बाहेर नेलं. मी वर बसलेलाच. चालता चालता त्यानं मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"साहेब, सीताबर्डीवर टांगा हाकून रायलो मी तीस वर्षांपासून," तो म्हणाला. "दिवसभर उन्हात राहा, तरी गिऱ्हाईक भाव करते. एक इनंती हाय. तुमाले घोड्यासाठी ज्यानं पैसे देल्ले, त्याचा पत्ता तेवढा लिहून द्या ना जी!"