वाहेदभाईचा टीव्हीवरचा बक्षीस समारंभ

जानेफळात कोणाकडे लग्न असो, बारसं असो, नाहीतर नव्या बोअरला पाणी लागलेलं असो, माइक माझ्या हातात असतो. धंद्यानं मी शिंपी, नाव सहदेव. पण सूत्रसंचालनात माझा हात धरणारा अख्ख्या मेहकर तालुक्यात नाही, असं लोक म्हणतात. आता थोडे कमी म्हणतात. त्याला कारण माझा शेजारी वाहेद पिंजारी. तरीही त्याची गोष्ट मीच सांगणार, कारण दुसरं कोणी सांगायला बसलं तर माझ्या चारोळ्यांवर घसरेल.

वाहेदभाईचं दुकान माझ्या दुकानाला लागून. आज्यापासून गाद्या भरायचा धंदा. माणूस उंच, वाळका, आणि भुवयांवर बारा महिने कापसाचा भुरा. त्यामुळे तो तिशीतच म्हातारा दिसायचा, आणि पन्नाशी आली तेव्हा त्याला वेगळं काही करावं लागलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, गादी टोचते, तर हा आधी गिऱ्हाईकाची पाठ तपासायचा.

मग बीटी कापूस आला. पहिली वर्षं बोंडं अशी लागली की लोक रस्त्यानं जाताना उगीच हसायचे. नंतर पावसानं दगा दिला, बियाण्याची पिशवी महागली, फवारणी वाढतच गेली आणि हसणं बंद झालं. गावात कापूस दिसेल तिकडे, पण गादी भरायला कोणी येईना. ज्याच्याकडे चार पैसे होते तो लेकीच्या लग्नात शहरातून फोमची गादी आणायचा. फोमच्या गादीला वाहेदभाई ‘पाव’ म्हणायचा. "जावयाले पावावर झोपवून राह्यले," असं तो भर मांडवात बोलला होता, आणि त्या लग्नातून आम्हाला न जेवता निघावं लागलं.

पावसाळ्यात तर पिंजाऱ्याचं काम तसंही बसलेलं. कापूस सादळतो, पिंजला जात नाही. अशाच एका पावसाळ्यात वाहेदभाई अकोल्याला गेला आणि दोन जुने टीव्ही, गेमचे डबे आणि वायरींचा गुंता घेऊन आला. न विकलेल्या गाद्या खाली अंथरल्या आणि पोरांना तासावर गेम खेळायला द्यायला लागला. मोटारीची शर्यत आणि मारामारी, हे दोन गेम जोरात. गावातल्या पोरांना असं मऊ बसायला घरी कुठं मिळत होतं? दुकान भरून वाहायला लागलं.

आणि गावातल्या आया वाहेदभाईवर उठल्या. त्यांच्या पुढे तानुबाई. या तानुबाईनं बचत गटाच्या बायका गोळा करून गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलेलं. दुकानदार आडवा होता, पुढाऱ्यांच्या ओळखीचा होता, तरी पळाला. तिची पोरगी करिष्मा, सातवीतली, मोटारीच्या गेममध्ये गावात एक नंबर. आई वेचणीला गेली की ही वाहेदभाईच्या गादीवर.

"पोट्टे बिघडवून राह्यला तू," तानुबाई दुकानात शिरून म्हणाली.

वाहेदभाई घाबरला. घाबरला की तो मोठं बोलतो. "बिघडवून नाही राह्यलो, ताई! बक्षीस समारंभ घेऊन राह्यलो मी. केबलवर. तुमची करिष्मा टीव्हीवर दिसन, अख्खं गाव पाह्यन."

समारंभाचा विचार तोपर्यंत त्याच्या डोक्यात आलेलाही नव्हता. "टीव्हीवर?" तानुबाईनं विचारलं, आणि डोक्यावरचा पदर नीट केला, जणू कॅमेरा तिथंच होता.

केबल गणेशची. त्याचा स्वतःचा गावचा चॅनल होता, त्यावर तो लग्नाच्या कॅसेटी आणि हरवलेल्या म्हशींच्या सूचना दाखवायचा. तो तयार झाला. मांडवाचा खर्च कृषी केंद्रवाल्या पंजाबरावांनी उचलला. बियाणं विकणारा माणूस फुकट काही उचलत नाही, हे मी वाहेदभाईला तेव्हाच सांगितलं होतं. सूत्रसंचालन अर्थात माझं.

तो पहिला समारंभ मी अजूनही उत्कृष्ट मानतो. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि आपल्याकडे एकाला नारळ दिला की शेजारचा रुसतो, म्हणून शेजाऱ्याचाही झाला, मग त्याच्याही शेजाऱ्याचा. मी माझी गाजलेली चारोळी म्हटली:

कपाशीला लागलं बोंड, बोंडात भरली सरकी,
अध्यक्ष आले लांबून, मांडा त्यांना खुर्ची!

खुर्ची म्हटलं तरी पाहुणे गाद्यांवर बसलेले. वाहेदभाईनं खास नव्या, जाड गाद्या घातल्या होत्या, लोडासकट. सोसायटीचे माजी चेअरमन उत्तमराव पहिल्या भाषणातच लोडाला टेकले आणि घोरायला लागले. गणेशनं कॅमेरा त्यांच्यावरच ठेवला, कारण स्टेजवर हलणारं तेवढंच होतं.

मग पंजाबराव उठले. त्यांनी कपाशीचं नवं वाण जाहीर केलं. त्याचं नाव मी सांगत नाही, फुकट जाहिरात होईल. त्यांनी वाणाच्या फोटोवरचा पडदा दोरी ओढून बाजूला केला, तो अडकला, मग काठीनं केला. नंतर त्यांनी उत्कृष्ट बियाणे विक्रेत्याचा पुरस्कार दिला. तो त्यांनाच मिळाला. ते भारावून बोलले.

पोरं सकाळपासून तेल लावून, भांग पाडून मांडवामागे उभी होती. मांडव रिकामाच होता, कारण आया सगळ्या टीव्ही असलेल्या घरांत बसलेल्या. पोरगी मांडवात काय, रोजच दिसते. टीव्हीवर दिसली तर खरं. तानुबाई त्या दिवशी वेचणी अर्धी टाकून आमच्या घरी आली होती. अखेर पोरांना बोलावलं. त्यांची नावं मी एका दमात घेतली, कारण उशीर झाला होता. आणि तेव्हा टीव्हीवर जे दिसलं ते असं: पडद्याच्या खालच्या भागात कृषी केंद्राची पिवळी पट्टी पळत होती, आणि पोरं बुटकी. पट्टीच्या वर फक्त भांग दिसत होते. कोणता भांग कोणाचा, यावरून आमच्या घरात बायकांची भांडणं लागली. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेली. करिष्माचं नाव शेवटी होतं.

तानुबाई तशीच मांडवात आली. पंजाबरावांना नाही, मला नाही, ती वाहेदभाईला बोलली. "वाहेदभाऊ, तू मले बलावलं पोरगी पाह्याले, अन् दाखवला तो उत्तमराव घोरता. पुढच्या साली माही पोरगी टीव्हीवर धड दिसली नाही, तं दारूवाल्यावानी तुहं दुकान बी बंद करतो मी."

ती करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गाद्यांचा धंदा मेलेला, त्यात हे दुकान गेलं तर वाहेदभाई खाणार काय? त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. गाद्या भरणाऱ्या माणसाची झोप उडावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्याचं हसू येण्याआधी मला वाईट वाटतं, एवढा मी चांगला आहे.

वर्षभर तो एकच विचारायचा. "सहदेवभाऊ, लोकं कायले बसले होते टीव्हीपुढं?"

"सूत्रसंचालन ऐकाले," मी सांगायचो.

तो माझ्याकडे त्या गिऱ्हाईकाच्या पाठीकडे पाहायचा तसा पाहायचा. "पोट्टे पाह्याले बसले होते," तो म्हणायचा. "ज्याच्यासाठी ते बसले, थेच आपण शेवटी ठेवलं, अन् थेबी अंधारात."

पण उपाय सुचेना. पोरं आधी घ्यावीत तर पाहुणे रुसणार, पंजाबराव मांडव उपटून नेणार. यात्रेत कुस्त्यांची दंगल होती. आम्ही दोघं बघायला गेलो. रिवाजाप्रमाणे आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या झाल्या. पोरगं जिंकलं की तिथंच मातीत हातात नारळ, डोक्याला फेटा, आणि लोकांमधून एक फेरी. मोठ्या पैलवानांची जोड सगळ्यात शेवटी. वाहेदभाई शेंगा खाता खाता थांबला. मग माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी शेजाऱ्याच्या अंगावर गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कृषी केंद्रात.

"मालक," वाहेदभाई अदबीनं म्हणाला, "दंगलीत मोठी कुस्ती कधी लागते?"

"शेवटी," पंजाबराव म्हणाले. "हे का इचारनं झालं बे?"

"मंग आपल्या समारंभात तुमाले अन् उत्तमरावले आंधी काऊन घेतलं? थे तं नारळवाल्या पोट्ट्यायची जागा हाय. बेइज्जती झाली हो तुमची. मले वर्षभर झोप नाही."

पंजाबरावांचा चेहरा पडला. आपली वर्षापूर्वी बेइज्जती झाली होती आणि आपल्याला कळलंही नाही, या विचारानं ते लाल झाले. "यंदा आम्ही शेवटी!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "एकदम शेवटी! ध्यानात ठेव!"

"आन् मालक, तुमची पट्टी खाली पोट्ट्यायच्या पायापाशी पयते. तुमचं नाव पायापाशी बरं दिसते का? वरतं घेऊ."

पट्टी वर गेली.

माझ्यासाठी त्याच्याकडे गोड बोलणं नव्हतं. "तुमी फक्त नाव घ्याचं. एका पोट्ट्याचं नाव, मंग थांबाचं." मी विचारलं, चारोळी? तो म्हणाला, शेवटी, मोठ्या कुस्तीला. मी मान्य केलं. मलाही शेवटी असणं मानाचं वाटलं, काय करणार.

दुसऱ्या वर्षी दुपारीच सुरुवात झाली. दिवा लावायला वेळ नको म्हणून वाहेदभाईनं तो घरूनच लावून आणला. मी माइक घेतला आणि पहिलंच नाव घेतलं. पोरगं आलं, मी आणलेल्या कापडाचा फेटा बांधून घेतला, गादीवर बसून त्यानं मारामारीचा आपला डाव सगळ्यांसमोर खेळून दाखवला, आणि नारळ घेऊन गेलं. गेमच्या समारंभात गेम दिसला, हे गावात पहिल्यांदा घडलं. दुकानात उभं राहून स्वतः कधीच न खेळता दुसऱ्यांना सल्ले देणाऱ्या पोराला ‘उत्कृष्ट सल्लागार’ म्हणून बक्षीस होतं. त्यानं मलाही माइक कसा धरायचा ते सांगितलं.

मग मोटारीच्या शर्यतीची शेवटची जोड. करिष्मा आणि वाहेदभाईचा स्वतःचा मुलगा सकलैन. पंजाबराव तोंडानंच मोटारीचे आवाज काढत होते, उत्तमराव या वेळी जागे होते आणि "दाब! दाब!" ओरडत होते. करिष्मा जिंकली. वाहेदभाईनं सकलैनच्या पाठीवर थाप मारली, त्याला खाली उतरवलं आणि माइक करिष्माच्या हातात दिला.

तिचा फेटा डोळ्यांवर आलेला. तिनं तो वर सारला. "वयनावर ब्रेक दाबाचा नाही," ती म्हणाली. "समोरच्याले जाऊ द्याचं. थो झाडाले धडकते. मंग आपन निंगाचं." असं ती एकेक वळण सांगत सुटली. गणेशनं जाहिरात टाकायला हात पुढे केला, तर वाहेदभाई त्याच्या यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. मी घड्याळ दाखवलं, माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. "माही आई म्हनते, गेम खेयल्यानं डोक्शाचं नुसकान होते," करिष्मा म्हणाली. "आई, पाह्य वो, डोक्शाले फेटा हाय."

आमच्या घरी तेव्हा काय झालं ते माझ्या बायकोनं, वच्छलेनं मला सांगितलं. केसांत कापूस अडकलेली तानुबाई टीव्हीसमोर उभीच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती टीव्हीवर खेकसत होती, "अवं, नाक पूस आंधी!" आणि नेमकं तेव्हाच करिष्मानं बाहीनं नाक पुसलं. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मोठी कुस्ती. पंजाबराव उठले, मी चारोळीसाठी घसा साफ केला, आणि लाइट गेली. पंजाबराव तरी थांबले नाहीत. संधिप्रकाशात त्यांनी नवं वाण जाहीर केलं आणि पुरस्कारही घेतला. पहिल्या रांगेत ऐकायला मी होतो आणि एक गादी होती. उत्तमरावांनी संधी साधून लोड जवळ ओढला.

तेवढ्यात तानुबाई आली. बायका मागं. वाहेदभाई उठून उभा राहिला. पोरगी दिसली, पट्टी वर होती, लाइट होती, तरी ही बाई आली म्हणजे काहीतरी चुकलंच, असं मलाही वाटलं.

"वाहेदभाऊ," ती म्हणाली, "थो हारला थो पोट्टा कोनाचा होता?"

"माहाच," वाहेदभाई म्हणाला. "सकलैन."

"त्याले काऊन नाही बोलू देल्लं?"

"माहाच पोरगा, ताई. लोकं म्हनतीन, आपल्याच लेकराले पुढं करते."

तानुबाईनं इकडंतिकडं पाहिलं. सकलैन गाद्यांच्या घड्या घालत होता. "सहदेवभाऊच्या घरात त्याची माय बी पाहून राह्यली होती ना बे, माह्या बाजूले," ती म्हणाली. "पुढच्या साली त्याले बी बोलू दे."

वाहेदभाईला फक्त ‘पुढच्या साली’ एवढंच ऐकू आलं असावं. तो गादीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.