बाबांच्या अर्जातली घाण

आमच्या गोत्रीच्या बागेला लागून एक कांस जाते. कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा. बडोद्याबाहेरच्या नातेवाइकांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. पावसाचं पाणी, बरं का! सध्या तिच्यातून जे वाहतं त्याचं नाव मी जेवताना घेत नाही. वरच्या अंगाला कुणीतरी गटाराचे पाइप बिनदिक्कत तिच्यात सोडलेत. देव्हाऱ्यातली चांदीची वाटी मी सोमवारी घासते आणि शनिवारपर्यंत ती काळी पडते. बागेतला हास्य क्लब बंद पडला, कारण हसायला आधी श्वास घ्यावा लागतो. मुलांना घेऊन येणाऱ्या आया दुसरीकडे जायला लागल्या. ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही तेवढेच उरले, म्हणजे आमचे बाबा.

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज चालले तर चालत राहतील. एकदा बसले की बसले." रिक्षात चढणं त्यांना जमेना, म्हणून वॉकर घेऊन चालत जाता येईल अशी ही एकच बाग. तीही एका दमात गाठता येत नसे. पण बागेच्या दरवाज्याशी मेथीच्या गोट्यांची, म्हणजे भज्यांची, लारी होती, आपली हातगाडी. लारीवाली बाई बाबांना लांबून पाहिलं की प्लॅस्टिकची खुर्ची पुसून ठेवायची आणि म्हणायची, "आवो दादा, बेसो." तिथे पाच मिनिटं टेकायचं, मग आत एक फेरी मारायची, असा त्यांचा नेम होता. नाकाला रुमाल बांधून का होईना, पण नेम होता.

वास अगदीच असह्य झाला तेव्हा बाबांनी तक्रार करायचं ठरवलं. मी म्हटलं, "बाबा, मोबाइलवरून करू, फोटो टाकू." छे! जन्मभर गणिताचे मास्तर. "अर्ज कसा लिहायचा ते तू मला शिकवू नकोस." स्वतः गुजरातीत अर्ज लिहिला, मला वाचूही दिला नाही, चिकटवूनच हातात ठेवला. मी मुकाट्याने महापालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला.

त्यानंतर आठवड्याने नेहमीसारखी बाग गाठली तर लारी नाही! खुर्ची नाही, बाई नाही, जमिनीवर नुसता तेलाचा डाग. बाबा तसेच वॉकरला धरून उभे राहिले, आणि मी त्यांना कसंबसं कठड्यावर टेकवलं. रखवालदार म्हणाला, खाण्याच्या खात्याची गाडी आली आणि लारी उचलून घेऊन गेली. कांस मात्र ढिम्म, फेसाळत वाहतेय. तेवढ्यात फोनवर मेसेज आला, "आपनी फरियादनो निकाल थयेल छे."

"निकाल लागला?" बाबा एकदम ताठ झाले. "पास की नापास?"

काय सांगू आता? गुजरातीत निकाल म्हणजे फाइल बंद. पास-नापास काही नाही.

माझं डोकंच फिरलं. तशीच ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने शांतपणे बाबांचा अर्ज काढून माझ्यापुढे धरला. बाबांचं ते मोत्यासारखं अक्षर: बागेच्या दरवाज्याजवळ रोज सकाळ-संध्याकाळ घाण नीकळे छे, एनी वासथी बेसातुं नथी, म्हणजे वासाने बसवत नाही.

कपाळ माझं! घरात आपण दिवसातून दहादा घाण घाण करतो, पण गुजरातीत घाण म्हणजे तळणाचा घाणा. कांसेचा उल्लेखच नाही. दरवाज्यापाशी कोण तळतं? लारीवाली.

"बेन, घाण तो भजियानोज होय ने," क्लार्क म्हणाला. "कांस माटे नवी अरजी आपो."

"अहो, पण लारी परत द्या!"

"ए बीजुं खातुं." म्हणजे ते म्हणे दुसरं खातं!

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्याने पाइप सोडला तो घरी मजेत, आणि जी म्हाताऱ्या माणसाला खुर्ची पुसून देत होती तिची चूल बंद.

हे बाबांना सांगायला नको होतं. पण राग माझ्या नाकावरच असतो. चपला काढता काढताच मी सगळं बोलून मोकळी झाले. "नीट वाचू दिला असतात तर!" असंही वर म्हणाले. बाबांनी नुसतं विचारलं, "मग कांस नाही का लिहिलं मी? मला वाटलं, त्यांना दिसतेच आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे बूट काढून ठेवले तर म्हणाले, "नको." तिसऱ्या दिवशीही तेच. मी वासाचं कारण समजून वैतागले, तर हळूच म्हणाले, "वासाचं काय, नाक दाबून गेलो असतो. पण त्या बाईच्या जागेवरून कुठल्या तोंडाने जाऊ?" दिवसभर खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरांचं ते 'बसले की बसले' माझ्या डोक्यातून जाईना, आणि मी विनाकारण भांडी आपटत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि एक कागद पुढे केला. पुन्हा गुजरातीच. या वेळी कांसेचा पत्ता, पाइप कुठे सोडलाय तो कोपरा, सगळं होतं, पण खाली. सगळ्यात वर, चुकलेला शब्द माझाच होता अशी कबुली देणाऱ्या, दोनच ओळी होत्या: 'घाण' शब्द मारो हतो. लारीवाळां बेननो कोई वांक नथी.

"वांक म्हणजे दोषच ना?" त्यांनी विचारलं. "नीट तपास. एकही चूक नको."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला कागद तपासायला दिला. चूक नव्हती. तरी मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी अक्षरं दिसेनात.

"झालं? मग बूट दे. हा मी स्वतः नेऊन देणार."

"रिक्षात चढता येत नाही तुम्हाला."

"बघू."

रिक्षात चढायला आम्हा दोघांना मिळून बराच वेळ लागला. मागे हॉर्नवर हॉर्न, रिक्षावाला वैतागला. वैतागू दे मेल्याला.