ओलावा मोजणारी सुई

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ती इतकी वर्षं बसली होती, की तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी घ्यायचं. एरवी ती थांबाताई. दिवसभर "थांबा हं, लाइन देते" म्हणून म्हणून पडलेलं नाव. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. या कामातून तिला एक गोष्ट मात्र पक्की कळली होती. माणूस फोनवर काय बोलतो ते सोडा, त्याला फोन कधी ठेवायचाय हे त्याच्या "हं"वरून कळतं.

भावाचं "हं" तिला बोलणं सुरू होताहोताच ऐकू यायचं.

भाऊ तिच्याहून मोठा, दूरच्या शहरात, मोठ्या हुद्द्यावर. घरी ती आणि आई, आणि मागच्या अंगणात आईचं काचघर. वडिलांनी पाडायला काढलेल्या इमारतींच्या जुन्या खिडक्या गोळा करून ते उभं केलं होतं, त्यामुळे एकही काच दुसरीच्या मापाची नव्हती. आत बिगोनिया, नेचे, टोमॅटोची चार रोपं. आई रोज सकाळी झारी घेऊन आत शिरायची, ती चहा गार झाल्यावरच बाहेर यायची. एकदा ओल्या फरशीवर पाय सटकला आणि कंबरेचं हाड मोडलं.

तेव्हा भाऊ धावत आला. धावत आला हे खरं, ते नाकारून चालणार नाही. पण आईच्या खाटेजवळ तो जितका बसला, त्याहून जास्त काचघरात वावरला. टाकी बसवली, पंप बसवला, प्रत्येक कुंडीत ठिबकची बारीक नळी सोडली. कुंड्यांच्या मातीत जाड सुईसारखे सेन्सर खुपसले. माती कोरडी झाली की सुईला कळणार, पंप आपोआप सुरू होणार, आणि तरीही माती ओली झाली नाही तर त्याच्या मोबाइलवर सूचना जाणार.

"आता झारीला हात लावायचा नाही," तो आईला म्हणाला. "मी तिथून सगळं बघतो."

"सगळं म्हणजे?" आईने विचारलं.

"अगं, झाडं."

तो गेला. त्याचे फोन पुन्हा पहिल्यासारखेच विरळ झाले. आई खाटेवरच असायची, उशाशी घरचा फोन. कंबर जेमतेम सांधली, पण आता हृदय थकत चाललं होतं. थांबाताई ड्यूटीवरून आली, की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "त्याला फोन लावलास?"

"लावला. मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो म्हणालाय."

मग एकदा नळ्या पुसताना तिच्या हाताने एक सुई चुकून उपसली गेली. ती हात धुते न धुते तोच घरचा फोन वाजला.

"अगं, दुसऱ्या फळीवरच्या कुंडीत ओलावा शून्य दाखवतंय! बघ, बघ जाऊन." बोलता बोलता तो म्हणाला, "आई जागी आहे? दे तिला."

आई बोलली. काय जेवलास, खोकला गेला का, एवढंच. पण त्या संध्याकाळी तिने ताट स्वच्छ केलं, आणि केस विंचरून दे म्हणाली.

त्यानंतर थांबाताईने काय करायला सुरुवात केली, ते सांगायला नकोच. आई फार गप्प झाली, की ती काचघरात जायची. कधी ही सुई, कधी ती. रोज एकच उपसली तर संशय येईल, एवढी अक्कल तिला होती. तिचे स्वतःचे फोन भाऊ उचलत नसे. कुंडीचा फोन मात्र तो कधी चुकवत नसे. तिला हे लागायचं, पण आईचा चेहरा बघून ती गिळायची. रोज पाठ पुसणारी, गोळ्या देणारी, रात्री उठून बसणारी ती. आईला केस विंचरावेसे वाटायचे ते त्याच्या फोननंतर.

अखेर भाऊ वैतागला. "कसली टुकार वस्तू गळ्यात मारली यांनी!" त्याने कंपनीचा माणूस पाठवला.

माणूस पोक्त होता. त्याने एकेक सुई तपासली, मातीत बोट घातलं, आणि म्हणाला, "बाई, यंत्र ठणठणीत आहे. सुया कुणीतरी उपसतंय. मांजर आहे घरात?"

"आहे."

"कुठाय?"

थांबाताईने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या नखांत माती होती. माणसाने तिकडे पाहिलं, आतल्या खाटेकडे पाहिलं, आणि तिच्यासमोरच भावाला फोन लावला. "साहेब, मांजराचा उपद्रव आहे. नाही, त्याला इलाज नाही. मांजर ते मांजर."

तिला वाटलं, सुटले. पण भावाने इलाज काढला. त्याने सूचना स्वतःच्या मोबाइलवरून काढून थेट कंपनीकडे वळवल्या. तसं तिला कळवलंही, मोठ्या उत्साहात. कॉल दुसरीकडे वळवणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नको असलेल्या माणसाचंच ते करतात.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "ज्यांना भेटायचंय, त्यांना बोलावून घ्या." तिने हॉस्पिटलच्या बोर्डावरून फोन लावला. अनोळखी नंबर दिसल्यामुळे असेल, भावाने उचलला.

"दादा, ये रे. आईचं खरं नाही आता."

"डॉक्टर असंच बोलतात गं, घाबरवायला. महिनाअखेर जमवतो. आणि कंपनीचा रिपोर्ट आलाय, सगळं हिरवंगार आहे तिकडे."

"मी आईबद्दल बोलतेय."

"हं," भाऊ म्हणाला.

घरी आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"येतोय."

आईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बयो, ती सुई काढ की जरा."

थांबाताईने हातातला पेला खाली ठेवला. "कुठली सुई?"

"मला काय कळत नाही? तू मातीचे हात धुऊन येतेस आणि त्याचा फोन येतो. रोज बघतेय." तिला धाप लागली. "काढ. सगळ्याच काढ. म्हणजे येईल."

आता सूचना त्याच्याकडे जात नाहीत, हे सांगायला तिची जीभ उचलेना. ती गेली आणि तिने सगळ्या सुया उपसल्या. परत आली तोवर फोन वाजला होता आणि आईने तो उचललाही होता.

"राजा?"

रिसीव्हरमधून कंपनीतल्या मुलीचा आवाज थांबाताईला उभ्या जागी ऐकू आला. नमस्कार, आपल्या यंत्रणेत बिघाड आढळला आहे, आमचा माणूस लवकरच संपर्क साधेल, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"गोड बोलते पोरगी," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच." आणि भिंतीकडे वळली.

त्यानंतर तिने फोनचं नाव काढलं नाही. आठवडा उलटायच्या आत ती गेली.

भाऊ आला, सगळं उरकलं, लोक आले नि गेले. निघायच्या सकाळी तो काचघरात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बघ, एक झाड मेलं नाही. एवढं तरी आईसाठी करता आलं मला." मग मोबाइलवर काहीतरी खाटखुट करत म्हणाला, "सूचना परत माझ्याकडे घेतल्यात. कंपनीवर किती दिवस विसंबायचं? आणि तुझ्या ड्यूट्या असतात. आईची आठवण आहे, वाळायला नको."

"बरं," थांबाताई म्हणाली.

तो गेल्यावर तिने आईची लाडकी बिगोनिया उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली आणि झारीने तिला पाणी घातलं. मग अंगणात जाऊन टाकीखालचा नळ फिरवून घट्ट बंद केला.

एका सकाळी ती ड्यूटीसाठी निघत असताना आईच्या उशाशी फोन वाजला. तिने थोडा वाजू दिला आणि उचलला.

"अगं, सगळ्या कुंड्या कोरड्या दाखवतंय! ते मांजर परत आलं वाटतं. सुया उपसल्या असतील बघ."

"सुया जागेवर आहेत, दादा."

"मग?"

"माती कोरडी आहे."

"अशी कशी कोरडी? पाणी का येत नाही? जाऊन बघ ना जरा!"

"थांब हं," ती म्हणाली.

तिने रिसीव्हर आईच्या रिकाम्या उशीवर ठेवला. त्यातून "हॅलो, हॅलो" येत राहिलं. तिने पर्स खांद्याला लावली, दाराला कुलूप घातलं आणि ती कामावर गेली.