ताम काकांचं पुढे ढकललेलं श्राद्ध

ताम आजीला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या कालव्याकाठी थट्टेचा विषय होता. बाजारात केळफुलं घेऊन बसली की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची, "हे कालचं आहे हो. ताजं पाहिजे तर पलीकडे चिन बसलीय, तिच्याकडे बघा." तिचा नवरा कपाळाला हात लावायचा. "हिला बाजारात बसवण्यापेक्षा टोपली कालव्यात उलटी केलेली काय वाईट?" असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि तीही हसायची. नवरा भावंडांत आठव्या क्रमांकाचा म्हणून ताम, म्हणजे आठ, आणि त्याची बायको म्हणून तीही ताम. तिचं खरं नाव न्हिएन, पण त्या नावाने तिला हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

अशा बाईने म्हातारपणी एक खोटं रचलं, आणि रचायचंच तर चांगलं मोठं रचलं.

आमच्या होआ हाओ या बौद्ध पंथात मूर्ती नाही, घंटा नाही, मठ नाही. घरात देव्हाऱ्यावर तपकिरी कापडाचा तुकडा, त्याच्यापुढे साधं पाणी आणि फुलं. अंगणात एका खांबावर फळी, उघड्या आभाळाखाली. तिथे उदबत्ती लावायची आणि चारी दिशांना वाकून नमस्कार करायचा. एवढ्या साध्या धर्माचं कोणाला वावडं असावं? पण आहे. सरकारने आम्हाला एक समिती करून दिली आहे. समितीत जो गेला त्याला सभागृह, मांडव, कर्णे, सगळं मिळतं. जे गेले नाहीत त्यांना हवालदार मिळतो.

समितीच्या दिनदर्शिकेत सगळे सण आहेत, एक सोडून. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आमचे गुरू एका बैठकीला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. त्याला आता माणसाचं एक आयुष्य लोटलं. त्यांना कोणी नेलं हे आम्ही मोठ्याने बोलत नाही, आणि ते वारले असंही आम्ही म्हणत नाही. गुरू बाहेर गेलेत, एवढंच म्हणतो. त्या दिवशी दुपारच्या नमस्कारापर्यंत कोणी अन्नाला शिवत नाही, आणि घरात मांसमच्छी शिजत नाही, दारूही येत नाही. आणि बरोबर त्याच दिवशी मुओय बाबांच्या घराकडे जाणारा पूल नादुरुस्त होतो. आदल्या दिवशी त्यावरून विटांच्या गाड्या जातात, दुसऱ्या दिवशीही जातात. मधल्या दिवशी तेवढा तो माणसाच्या वजनाने कोसळेल अशी पाटी लागते, आणि पाटीपाशी खुर्च्या टाकून पोलीस बसतात.

मुओय बाबा आमचे वडीलधारे. पांढऱ्या केसांचा बुचडा, छातीवर रुळणारी दाढी, दोनदा तुरुंग पाहिलेला. दुसऱ्यांदा सुटून आले ते खोकला घेऊनच. गेल्या पावसाळ्यानंतर तर दोन पावलं चालले की बसत. एकदा औषधी मुळ्या घ्यायला ते ताम आजीकडे आले आणि ओट्यावर दम खात म्हणाले, "तामवहिनी, माझं आता फार नाही राहिलं. जेवणखाण, नातवंडं, सगळं झालं. एकदा फक्त पंचविसाव्याला आपली सगळी माणसं एका अंगणात उभी राहिलेली बघायची होती. ते काही व्हायचं नाही."

ते गेले, पण ते वाक्य आजीच्या घरात राहिलं. ती तांदूळ निवडायला बसली की ऐकू यायचं, चुलीपाशी बसली की ऐकू यायचं. मग एका सकाळी तिला सुचलं. श्राद्धाला कोण अडवतो? पोलिसांच्या घरीसुद्धा श्राद्धं असतात. आणि तिचा नवरा गेला होता त्याच महिन्यात, सातव्या दिवशी.

"सातव्याच्या ऐवजी पंचविसाव्याला करू," तिने मुलाला सांगितलं.

लुआन विजेच्या कचेरीत तारा ओढायच्या कामावर होता. त्याने हातातली वाटी खाली ठेवली. "आई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी सरकारी खांबावर चढतो. एक फोन गेला की उतरवतील खाली."

"तुझ्या बापाचंच श्राद्ध आहे."

"बाप सातव्याला गेला!"

"मग काय झालं? थोडा उशिरा जेवेल. जिवंत असताना कधी वेळेवर जेवायला आला होता?"

लुआनला हसू आलं, आणि हसल्यामुळे तो हरला. तो स्वतः शाळा सुटल्यापासून कधी अंगणातल्या फळीपुढे उभा राहिला नव्हता. पण आईला नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं. "फक्त श्राद्ध," तो बोट दाखवून म्हणाला. "तपकिरी कपडे नकोत, मोठ्याने प्रार्थना म्हणणं नको. आणि तू कोणाशी फार बोलू नकोस. तुझा चेहरा बघून कुत्र्यालासुद्धा कळेल."

चौकीचा अधिकारी क्वी आपणहूनच आला. पलीकडच्याच वस्तीतला मुलगा, आता गोरागोमटा, पोट सुटलेला. तो कोणावर ओरडत नसे. मुओय बाबांना दुसऱ्यांदा नेलं तेव्हासुद्धा त्यानेच त्यांना हात धरून होडीत बसवलं होतं.

"मावशी, पंचविसाव्याला काय आहे म्हणे तुमच्याकडे?"

"श्राद्ध." आजीने न भिजलेले हात पायजम्यावर पुसले. "आमच्या ह्यांचं. लुआनला सातव्याला रजा नव्हती."

क्वीने मान डोलावली. भिंतीवरच्या तिच्या नवऱ्याच्या, ताम काकांच्या तसबिरीकडे बराच वेळ बघत राहिला. "काकांनी मला पोहायला शिकवलं. श्राद्धाला कोण अडवणार, मावशी? करा. मीही येईन उदबत्ती लावायला."

तो गेल्यावर आजी उंबऱ्यावरच बसली. तिला वाटलं, जमलं. मला अजून तिचा राग येतो तो इथे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक प्रश्न फुकट विचारला नाही, त्याने एकच प्रश्न विचारून पाठ फिरवली, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. पण खोटं पचल्याचा आनंद तिला नवा होता.

आजीच्या घरी यायलाही तोच पूल लागतो, आणि पंचविसाव्याला तो धडधाकट होता. पाटी नाही, खुर्च्या नाहीत. लोक आले ते पुलाच्या मध्यावर थबकत, मागे वळून बघत आले. ठरल्याप्रमाणे रंगीबेरंगी कपडे, हातात केळ्यांचे घड. मुओय बाबांना त्यांच्या सुनेने होडीतून आणलं. ते अंगणात उतरले, आलेल्या माणसांकडे एकेक करून बघितलं, आणि त्यांची दाढी थरथरायला लागली. आजीला तेवढ्यासाठी सगळं फिटल्यासारखं वाटलं.

ओसरीवर टेबलं मांडली होती. नारळाच्या दुधातला भोपळा, तळलेलं टोफू, केळफुलाची कोशिंबीर, भाताची पातेली. पूर्वजांच्या फळीवर ताम काकांपुढे वाटी आणि जेवायच्या काड्या. सगळं श्राद्धासारखं होतं. फक्त कोणी जेवत नव्हतं. कोणाला सांगावंही लागलं नाही, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पंचविसाव्याला दुपारच्या आधी खायचं नसतं, म्हणून सगळे वाढलेल्या ताटांपुढे हात मांडीवर ठेवून, गप्पा मारत, उन्हाकडे बघत बसले होते.

क्वी आला तो साध्या कपड्यात, चार माणसांसह. एकाच्या डोक्यावर अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू, दुसऱ्याकडे बिअरची खोकी आणि तांदळाच्या दारूची बुधली, तिसऱ्याकडे गाण्याचा भोंगा. क्वीने काकांपुढे उदबत्ती लावली, वाकला, आणि मग ओसरीवरून नजर फिरवली.

"वा. एवढं वाढलंय, आणि एकही वाटी उष्टी नाही?"

आजीची धाकटी नणंद उत, जिची जीभ नेहमी तिच्या पुढे धावायची, पटकन म्हणाली, "तुमच्यासाठीच खोळंबलोय, साहेब. मोठ्या पाहुण्यांच्या आधी हात कसा घालायचा?"

"मग आता घाला. आलो ना मी."

त्याच्या माणसांनी डुकराचे तुकडे केले आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या वाटीत टाकले. भोपळ्यावर चरबीचा ओघळ आला. क्वीने बुधली लुआनच्या हातात दिली. "मुलानेच पाजायला हवी बापाच्या नावाने. काका घ्यायचे की नाही, मावशी?"

"घ्यायचे," आजी म्हणाली. खरंच घ्यायचे.

"बघा. नाहीतर मी म्हटलं असतं, हे कसलं श्राद्ध? ना मांस, ना दारू, ना कोणी जेवतंय. आणि श्राद्ध नसेल, तर मग एवढी माणसं आज इथे कशाला जमली, हे मला विचारावं लागेल. एकेकाला. चौकीत बसवून." तो हे सगळं हसत, टोफूचा तुकडा उचलत म्हणाला. "मला काकांच्या घरी असलं काही करायला लावू नका बुवा."

लुआन ओतत गेला. त्याचे कान लाल झाले होते. भोंग्यावर प्रेमाचं एक रडकं गाणं लागलं, आणि क्वीचा एक माणूस त्याच्यावर वरच्या सुरात गायला लागला. उतने डोळे मिटून पेला रिकामा केला. तिच्या शेजारच्याने केला. मांस चावण्याचे आवाज सुरू झाले, हळूहळू, आजारी माणसं औषध खातात तसे. मुओय बाबांपुढे पेला आला तेव्हा ते उठून जातील असं आजीला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी पेला उचलला, आणि आजीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिने सोसला असता. ते फक्त विचारत होते, वहिनी, पिऊ ना? तुमच्या घरचं आहे, तुम्ही सांगाल तसं.

अंगणातल्या खांबाची सावली आखडत खांबाच्या पायाशी आली होती.

आजीला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी एक विचार स्वच्छ दिसला. ही माणसं श्राद्धाला आली. जेवली, प्यायली. क्वीच्या माणसांनीच वाढलं. यांच्यावर काहीच येत नाही. पापी एकटी मी. मग जे करायचं ते मी एकटीनेच करावं. यांनी फक्त बसून राहावं.

ती ओसरीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "क्वी," ती म्हणाली. साहेब म्हणायचं ती विसरली. "मी खोटं बोलले. आमचे हे सातव्याला गेले, तुला माहीत आहे. तूच तिरडीला... तूही होतास तेव्हा. आज आमचे गुरू बाहेर गेले तो दिवस आहे. या लोकांना मी श्राद्ध म्हणून बोलावलं, यांना यातलं काही ठाऊक नाही. मी नमस्कार करणार आहे. मग मला कुठे न्यायचं तिथे ने."

"आई," लुआन दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली."

क्वीने हात वर केला, तो लुआनला गप्प करण्यासाठी. मग स्वतः उठून भोंगा बंद केला. "असू दे, लुआन. म्हातारं माणूस आहे." आणि आजीला म्हणाला, "करा, मावशी. तुमचं सावकाश होऊ द्या." त्याच्या आवाजात इतकी माया होती की आजी दचकली. पण वेळ झाली होती.

ती अंगणात उतरली. उदबत्ती पेटवली, फळीपुढे कालव्याकडे तोंड करून वाकली. मनातले शब्द ओठांवर आले. तिने ते अडवले नाहीत. मग डाव्या हाताला, चिनच्या पेरूच्या बागेकडे वळून वाकली. ओसरीवरून कसलाच आवाज आला नाही. चांगलं आहे, तिला वाटलं, बसलेत. मग ती तिसऱ्या दिशेला वळली, घराकडे.

सगळे उभे होते.

आमच्याकडे अंगणात कोणी चार दिशांच्या नमस्काराला लागलं की घरातलं माणूस उठतं. आडवं झालेलं उठतं, पोराला पाजणारी उठते, तोंडात घास असलेला घासासकट उठतो. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी ठरवत नाही. आजीने सगळ्याचा हिशेब केला होता, एवढं सोडून. मुओय बाबा दोन्ही हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उतच्या ओठांना चरबी लागलेली होती, हात जोडलेले होते. आणि लुआन, ज्याला शेवटचा नमस्कार कधी केला हेही आठवत नसेल, तोही उभा होता. बुधली त्याने बगलेत दाबली होती, हात छातीपाशी आले होते, आणि तो आपल्याच हातांकडे घाबरून बघत होता.

क्वी एकटा खुर्चीत बसून होता. त्याचा एक माणूस फोन धरून ओळीने पुढे सरकत होता, लग्नात फोटो काढतात तसा, प्रत्येक चेहऱ्यापाशी नीट थांबून. मुओय बाबांपाशी थांबला. उतपाशी थांबला. लुआनपाशी जरा जास्तच वेळ थांबला.

बसा, असं आजीला ओरडायचं होतं. बसा रे, मी एकटीच, मी एकटीच आहे. तिचं तोंड उघडलंही. पण दिशा पुऱ्या होईपर्यंत नमस्काराच्या शब्दांखेरीज दुसरा शब्द काढत नाहीत, आणि तिच्या जिभेने तो काढला नाही.

ती त्यांच्यासमोर वाकली. मग चौथ्या दिशेला वळली. तिच्या पाठोपाठ ओसरीवरच्या सगळ्या पायांनी एकदम वळल्याचा आवाज आला.