ओंडक्याची शेवटची वीत

अर्विन हेस्लपने उभा जन्म दुधाचा टँकर चालवला आणि उभा जन्म लोकांना प्रश्न विचारले. गोठ्यावर दूध टँकरमध्ये चढेपर्यंत जो काय वेळ मिळे, तो त्याने कधी फुकट घालवला नाही. तुझं फाटक उताराच्या बाजूला का उघडतं? त्या कुंपणात एकच खांब दगडाचा का? शेतकरी आधी उत्तरं देत, मग खांदे उडवू लागले, आणि टँकरचा आवाज आला की गवताच्या गंजीमागे दडणारेही एकदोन निघाले. माणूस मनाचा चांगला, पण चौकश्या फार.

बायको थेल्मा तेवढी त्याला पुरून उरली होती. "हे असं का असेल गं?" असं त्याने म्हटलं की ती विणकामातून मान वर न करता म्हणे, "मला काय विचारतोस? जा, बघून ये." तो बघून येई, कधी गुडघ्यापर्यंत भिजून. मग ती सुया खाली ठेवी आणि म्हणे, "हं, सांग आता." अर्विनचं सगळं सुख त्या दोन शब्दांत होतं. थेल्मा गेली आणि सांगायला कोणी उरलं नाही. घरात एकटा माणूस किटलीशी किती बोलणार?

म्हणून तो शनिवारवाल्यांत शिरला. आमच्या खोऱ्याच्या टोकाला ओढ्यावर पेन्रोज नावाच्या माणसाने पूर्वी पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी उभारली होती, आणि तिच्यातच कापलेल्या फळ्यांचं स्वतःचं घरही बांधलं होतं. गिरणी पडली, घर पडायला आलं, तेव्हा काही रिकामटेकड्या म्हाताऱ्यांनी दोन्ही पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. पगार नाही, सक्ती नाही. दर शनिवारी यायचं, हाडं मोडेस्तोवर खपायचं आणि चहाच्या वेळी प्रत्येकाने बशीत घालून आणलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. बश्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्या तळाला नावाची चिकटपट्टी लावतात. अर्विन दुकानातली बिस्किटं आणी, पण बशी घरचीच. तिच्या तळाला अजून थेल्माचंच नाव होतं.

गिरणीचं काम गॉर्डन पिल्चरकडे होतं. घरं बांधण्यात हयात घालवलेला माणूस, पाण्याचं चाक त्याने नव्याने केलं आणि ते पहिल्याच दिवशी लोण्यासारखं फिरलं. घराचं काम नायरीकडे. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, आणि तिचा दरारा अजून त्या स्वयंपाकघराइतकाच होता.

पहिल्याच हिवाळ्यात अर्विनने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. ओढ्यातून येणाऱ्या पाटाला लावलेलं एक छोटं फळकूट त्याला दिसलं. हे इथे का, म्हणून त्याने ते उपसून पाहिलं. ते फळकूट पाणी घराकडे जाऊ नये म्हणून होतं, हे त्याला लगेच कळलं, कारण नायरीच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. मागच्या मोरीची भिंत तर तिला सगळीच नव्या फळ्या लावून झाकावी लागली. तेव्हापासून नियमच झाला: अर्विनने विचारावं, हात लावू नये.

आणि मग वसंतात गिरणी चालू करून पाहायचा दिवस आला. वाऱ्याने पडलेल्या मॅक्रोकार्पाच्या झाडाचा ओंडका गाड्यावर चढवला. पाणी सोडलं, चाक फिरलं, उभी करवत खालीवर नाचू लागली आणि ओंडक्याचा गाडा मुंगीच्या पावलांनी तिच्याकडे सरकू लागला. सगळे श्वास धरून उभे. ओंडका जवळजवळ पूर्ण चिरला गेला, आणि वीतभर राहिला असताना गाडा धप्पकन थांबला. फळी सुटलीच नाही. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"मापच चुकलंय पेन्रोजचं," गॉर्डन वाकून म्हणाला. गाड्याच्या वाटेत टोटारा लाकडाचा एक जाड ठोकळा बसवलेला होता, गिरणीच्या पहिल्या दिवसापासूनचा, आणि गाडा त्यालाच आपटत होता. "हा कापला की झालं. शनिवारी चेनसॉ आणतो. रविवारी सगळं खोरं बघायला येणार आहे."

"ठोकळा तिथे का आहे पण?" अर्विनने विचारलं.

"आता हा सुरू झाला," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही, म्हणजे पेन्रोजने इतकी वर्षं गिरणी चालवली. रोज तो ठोकळा गाड्याला आडवा यायचा, आणि त्याला एकदाही कापावासा वाटला नाही?"

"अरे बाबा, माझं अर्धं आयुष्य लोकांनी वाकडं बांधलेलं सरळ करण्यात गेलं. का वाकडं बांधलं ते विचारत बसलो असतो तर एक घर उभं राहिलं नसतं."

हेही खोटं नव्हतं. पण अर्विनच्या जिभेला हाड नाही. "शुक्रवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "मला कारण नाही सापडलं तर तो ठोकळा मी स्वतः कापीन. आणि पुन्हा इथे 'का' म्हणून तोंड उघडणार नाही."

 गॉर्डन बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलंत ना? आठवड्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे ही."

घरी जाताना अर्विनला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. एकदा कापलेला ठोकळा परत जोडता येत नाही. आणि विचारायचंच नसेल तर शनिवारी तिथे जाऊन करायचं काय? बिस्किटं वाटायची?

त्याने शोध घरापासून सुरू केला. गिरणीने फळ्या अर्धवट सोडल्या असतील तर त्यांच्या टोकांना त्याची काहीतरी खूण असणारच. दोन दिवस तो पेन्रोजच्या दिवाणखान्यात रांगत होता. जमिनीच्या प्रत्येक फळीवर उभ्या करवतीच्या सरळ रेघा होत्या, आणि प्रत्येक टोक सुरीने लोणी कापावं तसं साफ होतं. खूण नाही, काही नाही. बुधवारी गॉर्डन दारातून डोकावला.

"सापडला का चोर?"

"नाही."

"चेनसॉला धार लावून ठेवलीय तुझ्यासाठी," गॉर्डन म्हणाला आणि शीळ घालत गेला.

गुरुवारी स्वतःच्या घरी अर्विनच्या हातून चमचा निसटला आणि घरंगळत कपाटामागे गेला. त्याने कपाट ओढलं. मागची भिंत तशीच जुनी हिरवी होती, बाकी सगळं घर थेल्माने पिवळं केलेलं. त्याला रंगाच्या वेळचं भांडण आठवलं. 'दिसत नाही तिथे कोण मरायला रंगवतंय,' ती म्हणाली होती. अर्विन जमिनीवर तसाच बसून राहिला. आपण दोन दिवस दिवाणखान्यात रांगतोय, त्याच्या मनात आलं. दिवाणखान्यात तर पाहुणे येतात.

शुक्रवारी तो पेन्रोजच्या मोरीत गेला तेव्हा नायरी खिडकी पुसत होती. वळून न बघताच ती म्हणाली, "नाही."

"मी अजून बोललोच नाही काही."

"काचेत दिसतंय मला. हातात पहार आहे तुझ्या. नाही म्हणजे नाही. ही भिंत कुणाच्या पाण्यामुळे लावावी लागली मला?"

"माझ्या. म्हणून तर विचारायला आलोय, काढायला नाही."

नायरीने फडकं पिळलं. बराच वेळ पिळलं. "काय असेल मागे असं वाटतं तुला?"

"ते ठाऊक असतं तर कशाला आलो असतो?"

"मला एक आठवतंय," ती सावकाश म्हणाली. "नव्या फळ्या ठोकताना मागच्यांची टोकं अडकायची. माझा स्वेटर फाटला तिथे."

"टोकं? का अडकायची?"

"मी काय तू आहे, बघत बसायला?" ती म्हणाली. पण आता तीही भिंतीकडेच बघत होती. 'का'चा तो किडा एकदा डोक्यात शिरला की वळवळल्याशिवाय राहत नाही. शेवटी तिने हात पुढे केला. "दे ती पहार इकडे. तू नको."

कोपऱ्यातली फळी किरकिरत निघाली. मागे पेन्रोजच्या फळ्या होत्या, सालीसकट लावलेल्या. करवतीच्या सरळ रेघा फळीभर गेल्या होत्या आणि टोकाजवळ एकाएकी थांबल्या होत्या. तिथून पुढे लाकूड कापलेलं नव्हतं, फाडलेलं होतं. कुसळं निघालेली, आणि टोकाला कुऱ्हाडीचा घाव. अर्विनने हात पसरून त्यावर ठेवला. बरोबर वीतभर. दुसरीवर ठेवला, तिसरीवर ठेवला.

"म्हणजे शेवटचं कुऱ्हाडीने?" नायरी म्हणाली. "का पण?"

हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून अर्विनला इतकं बरं वाटलं की तो उत्तर द्यायला जमिनीवर फतकल मारूनच बसला. "सबंध पाव असतो ना, तो चिरायचा, पण खालचा पापुद्रा तेवढा ठेवायचा. तसं. एकेक चीर पाडत जायचं, ठोकळ्यामुळे ओंडका टोकाशी एकसंध राहतो. फळ्या करवतीत पडत नाहीत, धरायला माणूस लागत नाही. पेन्रोज आणि त्याची बायको, दोघंच होती ना इथे? सगळा चिरून झाला की खाली उतरवायचा आणि एकेक फळी फोडून काढायची. दिवाणखान्यात टोकं साफ केली. इथे मोरीत कोण बघतंय?"

गॉर्डनला बोलावलं. त्याने चष्मा लावला, फाटलेल्या टोकांवरून बोट फिरवलं, मग बाहेर जाऊन ठोकळ्यासमोर उभा राहिला.

"उद्या हा गेला असता," तो म्हणाला.

"माझ्याच हातून," अर्विन म्हणाला. "पैज तशी होती."

"मी तर त्याला मूर्ख म्हणत होतो, रे." गॉर्डनने ठोकळ्यावर हात ठेवला. "आता त्या चेनसॉचं काय करू मी, इतकी धार लावलीय तर?"

रविवारी सगळं खोरं लोटलं. करवत नाचली, गाडा सरकला, धप्पकन थांबला, आणि लोकांत कुजबुज झाली की बिचाऱ्यांची गिरणी बिघडली वाटतं. गॉर्डनने त्यांना खुशाल कुजबुजू दिलं. मग ओंडका खाली उतरवून त्याने कुऱ्हाड अर्विनकडे दिली. "तू विचारलंस, तूच मार."

पहिला घाव चुकला. दुसऱ्याला कडाड आवाज झाला आणि फळी सुटून गवतात पडली, वीतभर फाटक्या टोकाची. टोक साफ करायला कोणी करवत काढली तर नायरीने त्याच्या हातावर चापट दिली आणि फळी मोरीतल्या उघड्या जागेसाठी उचलून नेली.

संध्याकाळी बश्या आवरताना अर्विन थेल्माची बशी पुसत पुसत घराकडे बघत होता. त्याने मान वाकडी केली. "गॉर्डन, चूल एकच आहे ना आत? मग धुराड्याला तोंडं दोन का?"

आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. गॉर्डनच्या तोंडात चीज रोल होता. तो गिळून म्हणाला, "मला काय विचारतोस? जा, बघून ये."

अर्विन बशी धरून जागच्या जागी उभा राहिला.

"काय झालं?" गॉर्डन म्हणाला. "शिडी मागे आहे. आणि हात लावू नकोस कशाला. आल्यावर सांग."

अर्विनने बशी टेबलावर ठेवली आणि शिडी आणायला गेला.